अण्णाजींचं नाक

"अण्णाजी गेले. लौकर या." एवढंच बोलून पलीकडच्यानं फोन ठेवला.

फौजदार वर्षाली कोहळे कारंजा ठाण्यात नुकतीच बदलून आली होती. तिनं हवालदार तानबाकडे पाहिलं. "कोणते अण्णाजी?"

तानबा खुर्चीतून उठलाच. "नाकवाले अण्णाजी, मॅडम. तेलाच्या भट्टीवाले. अजून कोन?"

गावात माणसाला त्याच्या शेतावरून ओळखतात, दुकानावरून ओळखतात, फार तर टकलावरून ओळखतात. अण्णाजी ढोल्यांना सगळे नाकावरून ओळखत होते. दिसायला ते नाक अगदी साधं, जरा बसकंच होतं.

जीप हायवे सोडून टेकडीकडे वळली आणि वास सुरू झाला. गुलाबासारखा, पण गुलाब नव्हे. मागे गवताचा हिरवट तिखटपणा. दिवाळी होऊन गेली होती. टेकड्यांवरची तिखाडी फुलावर आली होती, म्हणजे भट्टीचा ऐन हंगाम. तिखाडी हे रानगवत. ते मोठ्या देगेत कोंबायचं, खालून जाळ लावायचा, वाफ नळीनं थंड पाण्यातून काढायची, की पाण्यावर पिवळसर तेल तरंगतं. तेच रोशाचं तेल. जुन्या काळी हे तेल मुंबईहून जहाजानं तुर्कस्तानला जायचं आणि तिथे गुलाबाच्या अत्तरात मिसळलं जायचं. साहेबाच्या मडमा गुलाब म्हणून जे अंगाला लावत, त्यात आपलं गवत असायचं. भट्टीवाल्यांना या गोष्टीचा भारी अभिमान. दुसऱ्याच्या नावानं विकलं जाण्यात अभिमान कसला, हे त्यांनाच ठाऊक.

या गवताच्या दोन जाती आहेत, मोतिया आणि सोफिया. रानात शेजारी शेजारी उभ्या असल्या तर ओळखू येत नाहीत. फरक फक्त वासात. मोतियाचं तेल अत्तरवाले घेतात, सोफियाचं साबणवाल्यांकडे जातं. अण्णाजी हाताच्या पालथ्या बाजूला थेंब लावत, लांब श्वास घेत आणि एक शब्द बोलत. त्यांनी मोतिया म्हटलं की कन्नौजचा व्यापारी डबा उघडूनसुद्धा पाहत नसे. ढोल्यांची भट्टी चालत होती ती जाळावर नाही, त्या एका शब्दावर.

आवारात एका बाजूला भट्टी, दुसऱ्या बाजूला घर आणि मध्ये एकटी खोली. तिला पारखखोली म्हणत. दारात तिशीचा एक माणूस उभा होता. डोळे सुजलेले.

"मी स्वप्निल. अण्णाजीचा भाचा. म्याच फोन केलता."

तानबानं दारातूनच नाकाला रुमाल लावला. "कपाशीवर मारतात ते औषध आहे, मॅडम. आंधळ्यालेई वळखू येईन."

खरोखर, आत उभं राहवत नव्हतं. अण्णाजी गादीवर भिंतीला टेकलेले होते. ओठांवर फेस सुकला होता. तांब्याचा गिलास मांडीजवळ आडवा पडला होता. रोशाच्या त्या गोड वासावर औषधाचा उग्र, कुजकट वास बसला होता.

"काय पीत होते?" वर्षालीनं विचारलं.

"काडेचिराइताचा काढा. शुगर होती त्यायले. रात्री काड्या भिजू घालतेत, सकाळी गाळून पेतेत. रोजचंच आहे."

"गिलास रात्री कुठं असतो?"

"इथंच, खिडकीत."

"खोलीला कुलूप?"

"कुलूप कायले, मॅडम? तेलाशिवाय आहे काय इथं?"

"तू रात्री कुठं होतास?"

"भट्टीपाशी. जाळ पाहा लागते."

खिडकीच्या फळीवर नमुन्याच्या बाटल्या ओळीनं मांडल्या होत्या. प्रत्येकीच्या गळ्याला सुती दोरा. काही दोऱ्यांना एक गाठ, काहींना दोन.

"हे कशासाठी?"

"सवय आहे मायी," स्वप्निल खाली पाहत म्हणाला. "बाटली भरली का दोरा बांधतो."

वर्षालीनं चिठ्ठीचपाटी शोधायला खोलीतलं लाकडी कपाट उघडायला घेतलं. अण्णाजींची सून दिपाली दारात आली होती. ती घाईनं म्हणाली, "मॅडम, त्या कपाटाले सासूबाई कोनाले हात लावू देत नाई. त्यायचे कपडे त्याच धुतात, त्याच ठेवतात."

"जाऊ दे. घ्या किल्ली," मागून आवाज आला. अण्णाजींच्या बायको, आनंदाबाई. सुती नऊवारी, कोरडे डोळे. किल्ली देऊन त्या परत ओसरीवर जाऊन बसल्या.

कपाटात धोतरं, सदरे, उपरणी नीट घडी घालून ठेवली होती. घड्यांमध्ये डांबराच्या पांढऱ्या गोळ्या. काही नव्या, टपोऱ्या. काही झिजून वाटाण्याएवढ्या झालेल्या. चिठ्ठी नव्हती. वडनेरला वर्षालीच्या आईच्या पेटीत अशाच गोळ्या असत. तिनं दार लावून घेतलं.

घरात तिला पहिल्यांदा चमत्कारिक वाटलं ते हे, की भट्टीबाहेरच्या अंगणापर्यंत सुगंध आणि घरात मात्र कशाचाच वास नाही. देवापुढे दिवा होता, उदबत्ती नव्हती. भिंतीवर एका तरुण मुलीचा फोटो होता, त्याला हार नव्हता.

"ही कोण?"

"मेघाताई. नणंद मायी," दिपाली म्हणाली. "दोन वर्षं झाले. बाळंतपनात गेल्या, सासरी."

"फोटोला हार नाही?"

"हंगाम आहे नं. हंगामात या घरात फूल येत नाई. उदबत्ती नाई, लसनाची फोडनी नाई, वासाचा साबन नाई. कपडे रिठ्यानं धुवायचे. पावडर लावायची नाई. मामंजीच्या नाकाले चालत नाई." मग तिनंच दुरुस्त केलं. "चालत नव्हतं."

"नाक शेवटपर्यंत तितकंच तीक्ष्ण होतं?"

"परवाची गोष्ट सांगतो. वाळली मिरची जराशी जळाली माह्या हातून. एवढे खोकले, एवढे वरडले, का घर डोक्यावर घेतलं. नाक नाई म्हनता का मंग?"

अण्णाजींचा मुलगा पियुष बाहेर फोनवर होता. हायवेवरची जमीन ढाब्याला द्यायची म्हणून त्याचे आणि बापाचे खटके उडत, ही बातमी तानबानं जीपमध्येच पुरवली होती. वर्षालीनं त्याला आडवळण न घेता विचारलं.

"वडिलांशी भांडण होतं?"

"होतं. कोणाच्या घरी नसते?" पियुष चिडला. "पण मॅडम, मी विष कालवलं असं म्हणायचं असेल तर आधी डोकं लावा. बाबांच्या हातात तो गिलास मी दिला असता, तर त्यांनी तो माह्याच तोंडावर फेकला असता. बंद डब्यातली भेसळ ओळखणारा माणूस तो. त्यायले कोणी फसवून पाजूच शकत नाही. त्यायनं स्वतःच घेतलं."

बोलणं उद्धट होतं, पण खोटं काढता येत नव्हतं. 

आनंदाबाई ओसरीवर गहू निवडत बसल्या होत्या. नवऱ्याचं प्रेत दहा पावलांवर आणि ही बाई गहू निवडते आहे. वर्षालीला राग आला, पण दुःखाची तऱ्हा प्रत्येकाची वेगळी, असं म्हणून तिनं तो गिळला.

"सकाळी तुम्ही कुठं होता, आई?"

"गोठ्यात. गाय दोहून राह्यली होती."

"त्यांना कसली काळजी होती? कोणाशी वाद?"

"त्यायच्याशी कोन वाद घालन? सारं त्यायच्याच मनासारखं होत होतं."

"नाकाला काही त्रास?"

"नाकाले?" आनंदाबाईंनी सुपातला एक खडा उचलून बाहेर टाकला. "जसं व्हतं तसंच व्हतं मरेपरेंत. त्या नाकावर घर चाललं, बाई."

"काढ्याला एवढा वास होता. त्यांना कळलं नसेल?"

"मी काय सांगू? चाळीस वर्षं कडू पेले, कधी तोंड वाकडं नाई केलं. आजई नाई."

संध्याकाळपर्यंत गावानं निकाल लावून टाकला होता. म्हातारा कंटाळला, घेतलं औषध. वर्षालीनंही कागद तसेच तयार करायला घेतले.

ग्रामीण रुग्णालयात डॉक्टर हर्षा हात धुऊन बाहेर आल्या, त्यांच्या कपाळाला आठ्या होत्या.

"आत्महत्या म्हणताय? असेल. पण मरायला निघालेला माणूस कडू काढा गाळून, त्यात औषध घालून, घोटघोट पितो का? तो एका दमात रिचवतो. यांनी निवांत प्यायलंय. मला वाटतं, यांना वास आलाच नाही."

"डॉक्टर, ते नाकवाले अण्णाजी आहेत."

"माहीत आहे. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत माझ्याच वॉर्डात होते. जाताना म्हणाले, वास येत नाही. मी म्हटलं, येईल परत, बहुतेकांना येतो. पुन्हा दाखवायला या म्हटलं. आले नाहीत."

वर्षाली म्हणाली, "पण परवा मिरची जळली तर केवढे ओरडले म्हणे."

"ते ओरडणारच. मिरचीचा ठसका हा वास नाही. वासाची जागा नाकात पार वर असते. ठसका, झोंबणं, डोळ्यांतून पाणी येणं, हे वेगळ्या नसेचं काम. वास मेला तरी ती नस जिवंत राहते. मिरची कळेल त्यांना. गुलाब कळणार नाही. कीटकनाशकही नाही."

"आणि काढ्याची चव?"

"कडू ते कडूच लागतं. त्यात आणखी काय आहे, ते नाक सांगतं. नाकच नसेल तर कोण सांगणार?"

म्हणजे आता आत्महत्या धरून बसायचं कारण उरलं नाही. अण्णाजींना फसवून पाजणं सोपं होतं. फक्त पाजणाऱ्याला त्यांचं नाक मेल्याचं ठाऊक असायला हवं होतं. ज्याचा त्या नाकावर विश्वास होता, तो हा मार्ग कधीच धरणार नाही. पियुषचा राग त्यालाच वाचवत होता.

मग ठाऊक कोणाला होतं?

वर्षाली भट्टीवर परतली. तिनं फळीवरच्या बाटल्या एकेक उघडून भट्टीवरच्या जुन्या कामगारांना वास घ्यायला लावला. एक गाठ, मोतिया. दोन गाठी, सोफिया. एकदाही चूक नाही. डोळे मिटून, बोटं बाटलीच्या गळ्यावर ठेवून, लांब श्वास घेणाऱ्या अण्णाजींचा तो प्रसिद्ध शब्द त्यांच्या नाकातून नाही, बोटांतून येत होता.

स्वप्निलनं फार ताणलं नाही.

"कोरोनापासून मीच वास घेत होतो, मॅडम. मामानं देवापुढं शपथ घातली होती, कोनाले सांगायचं नाई. कन्नौजवाल्यांले समजलं असतं तर भट्टी त्याच दिवशी बंद."

"तुझ्याशिवाय कोणाला माहीत होतं?"

"कोनालेच नाई. मामीलेई नाई."

हे वाक्य त्यानं मामाची अब्रू राखायला म्हटलं आणि त्या वाक्यानंच त्याचा गळा आवळला. रात्रभर तो काढ्यापासून हाकेच्या अंतरावर एकटा होता. नाकाचं गुपित त्याला एकट्याला माहीत होतं. पियुष तर म्हणालाच, "बाबा गेले का गादी याचीच. कन्नौजवाले आता यालेच विचारतील." वरिष्ठांनी फोनवर वर्षालीची पाठ थोपटली. स्वप्निलला अटक झाली.

त्याची आई सुमित्राबाई हायवेवरच्या जाम चौरस्त्यावर चहाचं दुकान चालवायची. दुकान टाकून ती ठाण्यात आली आणि पायरीवरच बसली.

"मॅडम, मरनारा माया भाऊ व्हता. भाऊ गेला. आता पोरगंई नेता का?"

"पुरावा त्याच्याच विरुद्ध आहे, मावशी."

"पुरावा काय सांगते मले मालूम नाई. मामा वारला तवा त्याचं जेवन तुटलं. खून करनारा असा करते काय?"

सगळ्याच आया असं म्हणतात. तरी वर्षालीला त्या पायरीकडे पाहणं नकोसं झालं. एक गोष्ट तिलाही टोचत होती. मामाला मारून पोलिसांना स्वतः फोन करणारा माणूस बाटल्यांचे दोरे तसेच कसे ठेवील? एका कात्रीचं काम. ते दोरे नसते तर त्याच्याकडे कोणी बोट दाखवलं नसतं.

थंडी पडायला लागली होती. एका सकाळी वर्षालीनं पेटीतून स्वेटर काढला आणि तो घालून ठाण्यात आली. तानबानं कागद पुढे करता करता नाक मुरडलं.

"डांबराच्या गोळीचा वास येऊन राह्यला, मॅडम. दाराच्या बाहीरपरेंत."

वर्षालीनं सही अर्धीच ठेवली. मग ती कोठडीच्या गजापाशी गेली.

"स्वप्निल, मामाच्या कपाटात डांबराच्या गोळ्या आहेत. तुला वास यायचा?"

"येत होता. पावसाळ्यापासून." तो कोरड्या आवाजात म्हणाला. "मले वाटलं, मामी भुलली असन."

"मग बोलला का नाहीस?"

"कसा बोलू? मामी म्हनली असती, तुले येते तर तुह्या मामाले काऊन नाई येत?"

दुपारी वर्षाली भट्टीवर गेली. बरोबर तानबा, एक महिला शिपाई आणि हातकडी घातलेला स्वप्निल. सुमित्राबाईलाही तिनं बोलावून घेतलं होतं. पियुष आणि दिपाली ओसरीवर आले. आनंदाबाई खांबाला टेकून बसल्या.

"या खुनाला एकच दार होतं," वर्षालीनं सुरुवात केली. "अण्णाजींना वास येत नाही, हे माहीत असणं. स्वप्निलला माहीत होतं, म्हणून मी त्याला धरलं. पण खून त्यानं केला असता तर पोलीस यायच्या आधी त्यानं बाटल्यांचे दोरे सोडले असते. ते दोरेच त्याचा पुरावा होते. त्यानं ते ठेवले, कारण इथं खून झालाय हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. मग गुपित कळलेलं आणखी कोणीतरी या घरात असलं पाहिजे."

"कोण?" पियुषनं विचारलं.

"दिपाली, हंगामात या घरात काय काय चालत नाही?"

"उदबत्ती, फूल, साबन..." दिपालीनं अर्ध्यावरच सासूकडे पाहिलं.

"आणि डांबराची गोळी? ती चालते? पारखखोलीत, अण्णाजींच्या अंगावर घालायच्या कपड्यांत? या घरात चाळीस वर्षं हंगामात ज्या बाईनं उदबत्ती लावली नाही, ती नवऱ्याच्या उपरण्यात डांबर ठेवेल? ठेवेल. पण त्याला ते कळत नाही, याची खात्री पटल्यावरच. त्या कपाटाला दुसऱ्या कोणाचा हात लागत नाही. काही गोळ्या झिजून वाटाण्याएवढ्या झाल्या आहेत, म्हणजे त्या पावसाळ्यापासून आहेत. संपत आल्या की नव्या पडत होत्या. एकदा चुकून झालं असतं. हे चुकून नाही."

ती आनंदाबाईंकडे वळली.

"आई, तुम्ही मला सांगितलं, नाक मरेपर्यंत जसंच्या तसं होतं. ते खोटं होतं. तुम्ही म्हणालात, सकाळी गोठ्यात होता. आणि त्याच दमात म्हणालात, काढा पिताना त्यांनी तोंड वाकडं केलं नाही, आजही नाही. गोठ्यातून पारखखोली दिसत नाही, आई. मी जाऊन पाहिलं. तुम्ही त्यांच्या समोर उभ्या होता."

पियुष म्हणाला, "मॅडम, काहीही काय बोलता! आई असं..."

"बोलू दे तिले," आनंदाबाई म्हणाल्या. "बराबर बोलून राह्यली पोरगी."

पदर सावरून त्या वर्षालीकडे वळल्या. आवाजात रडणं नव्हतं.

"माह्या मेघाले दिवस गेलते. पहिलं बाळंतपन मायच्या घरी असते, सारं जग करते. ती आली, पिशवी घेऊन. हे म्हनले, हंगाम आहे. ओव्याची धुरी, शेपा, पोराच्या लंगोट्या, घरभर वास होईन, माह्या नाकाचा सत्यानाश होईन. राहू दे तिले तिकडंच. मी पाया पडली. नाई ऐकलं. वापस लावली पोरगी. तिकडं वेळेवर गाडी नाई भेटली. तीई गेली अन् पोटातलंई गेलं."

दिपालीनं तोंडाला पदर लावला.

"मी मनाले समजावलं. या नाकावर घर चालते, काय करतं मानूस. ह्या पावसाळ्यात माह्या लुगड्याले कसर लागली म्हनून गोळ्या आनल्या. एक चुकून यायच्या उपरन्यात राह्यली. यायनं ते उपरनं नाकाशी धरलं अन् मले म्हने, 'पाय, रिठ्याचा वास कसा स्वच्छ असते.'"

त्या हसल्या. ते हसू पाहून तानबानं मान खाली घातली.

"मी काई बोलली नाई. मंग अजमावून पाह्यलं. केसात मोगऱ्याचा गजरा घातला. यायले दिसला. म्हने, काढ तो, वासानं डोकं उठलं. दुसऱ्या दिवशी तोच गजरा पदराखाली घालून यायच्या बाजूले बसली. काईच नाई. जेवले, पान खाल्लं, झोपले. तवा समजलं मले. कोरोनातून उठल्यापासून स्वप्निल बाटल्यायले दोरे काऊन बांधते, तेई समजलं. नाक कवाचंच मेलतं. मेघाले दारातून वापस लावली तवाई मेलेलंच व्हतं. माह्या पोरीचा जीव मी कायच्यासाठी देला, बाई? सांग नं, कायच्यासाठी?"

 

"त्या सकाळी काय झालं?" वर्षालीनं विचारलं.

"औषध म्या घातलं. पन त्यायले संधी देल्ली. गिलास हातात देऊन म्हनलं, आज जरा वास घेऊन पाहा बरं, कसा येऊन राह्यला. त्यायनं गिलास नाकाशी धरला. व्यापाऱ्यापुढं घेत तसा लांब श्वास घेतला. म्हने, 'नेहमीचाच आहे.' एकदा खरं बोलले असते, आनंदा, मले वास येत नाई म्हनून, तर तो गिलास म्या तिथंच फेकला असता. माह्या मेघाची आन. नाई बोलले. पेले."

पियुष ओसरीच्या पायरीवर बसला. तो बापासाठी रडत होता की आईसाठी, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

"आणि स्वप्निल?" वर्षालीचा आवाज चढला. त्या बाईची कीव येत होती आणि तितकाच संताप येत होता. "तो जन्मठेपेला गेला असता. तुम्ही गप्प राहिलात. तुमचा भाचा तो."

आनंदाबाईंनी पहिल्यांदा स्वप्निलकडे पाहिलं.

"मेघा पिशवी घेऊन फिरली तवा हा इथंच उभा व्हता. तिची पिशवी यानंच गाडीत ठेवली. याले सारं मालूम व्हतं. एक शब्द बोलला असता, मामी, मामाचं नाक गेलं आहे, ठेवून घे पोरीले, तर म्या यायचं ऐकलं असतं काय?"

"मामानं शपथ घातली होती, मामी," स्वप्निल म्हणाला.

"हो. तू शपथ पाळली, बापू."

त्या स्वतःच उठल्या आणि महिला शिपायाबरोबर जीपकडे चालू लागल्या. दिपाली त्यांच्यामागे दोन पावलं गेली आणि थांबली. तानबानं स्वप्निलच्या हातकड्या काढल्या.

जीप निघायच्या आधी सुमित्राबाईनं पुढे होऊन वर्षालीला हात जोडले.

"देवावानी आल्या, मॅडम. माया पोरगा निर्दोष निघाला."

"नाई, माय," स्वप्निल म्हणाला.